सगळेच पितृपक्ष



२०२४ सालच्या ऑक्टोबरची अखेर आठवते? २९ तारखेला विधानसभेचे उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली, ३० ला छाननी झाली. ३१ ला पहाटे आपल्याकडे नरकचतुर्दशीचं कारीट फुटलं, आणि त्याच संध्याकाळी वसई-विरारच्या नव्या सोसायट्यांमधून काळे झगे घातलेली, तोंडाला पांढरा रंग फासलेली पोरं दारोदार हिंडली. कारण इंग्रजी शाळांनी आणि मॉलवाल्यांनी आणलेला हॅलोविन नावाचा भुतांचा सण ३१ लाच असतो. २ नोव्हेंबरला आपल्या ख्रिस्ती मैत्रिणी मृतांच्या स्मरणदिनासाठी फुलं-मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत गेल्या. ४ तारखेला अर्ज मागे घेण्याची मुदत संपली आणि २० ला मतदान झालं. असुर, भुतं, पितर आणि उमेदवार सगळे एकाच सुमारास आपल्या दाराशी. कोण कशासाठी बेल वाजवतंय, हे दार उघडल्याशिवाय कळत नव्हतं.

तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय. मध्यंतरी महापालिकेची निवडणूकही होऊन गेली. म्हटलं, या अंकात जरा हसून घेऊ. नेहमीच काय ती निवेदनं आणि निषेध!

हॅलोविन मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. सुगी संपून हिवाळा लागतो त्या रात्री मेलेले परत येतात, अशी तिकडची समजूत. पोटासाठी अमेरिकेला गेलेल्या लोकांनी तो सण बरोबर नेला. गावी असताना ते सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे. अमेरिकेत भोपळा मोठा आणि मुबलक मिळाला, म्हणून भोपळा आला. पोरं मुखवटे चढवून घरोघर जातात आणि म्हणतात, खाऊ द्या नाहीतर खोडी काढू. लोक गोळ्या-चॉकलेटं देतात, पोरं पुढच्या दाराला जातात. एवढाच तो सण.

आपल्या निवडणुकीत हे सगळं असतं, फक्त क्रम उलटा. मुखवटेवाला दाराशी येतो तो खाऊ मागायला नाही, द्यायला. साडी, कुकर, हळदीकुंकवाचं वाण, देवदर्शनाची बस, सोसायटीच्या गच्चीवर पत्रा. खोडी निघते ती मागाहून, सावकाश, पाच वर्षं पुरवून पुरवून. अमेरिकेतलं खट्याळ पोर फार तर दारावर अंडं फेकत असेल. आपल्याकडे पहाटे चारला टँकरच्या मागे हंडे घेऊन धावावं लागतं, आणि जुलैत नालासोपाऱ्याच्या गुडघाभर पाण्यातून लोकल गाठावी लागते. १९ नोव्हेंबर २०२४ ला, मतदानाच्या आदल्या दिवशी, विरारच्या एका हॉटेलात असा खाऊ वाटला जात असल्याचा आरोप झाला, मोठा गोंधळ उडाला, नऊ लाखांवर रोकड जप्त झाली. ज्यांच्यावर आरोप झाला त्यांनी तो साफ नाकारला. खरंखोटं तपास करणारे जाणोत. मला आठवतात त्या आमच्या वस्तीतल्या एक आजी. संध्याकाळी त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, ‘मग आपल्या वाटचं कुठं अडलं गं?’

चिन्हांची तर वेगळीच तऱ्हा. वसईत वर्षानुवर्षं शिट्टी हे एका पक्षाचं चिन्ह म्हणून ओळखीचं. छेडछाडविरोधी शिबिरात आपण मुलींना सांगत असायचं की रस्त्यात शिट्टी ऐकू आली तर मान खाली घालू नका, मागे वळून बघा. आणि बाहेर रिक्षावरचा भोंगा सांगत असायचा, शिट्टीसमोरचं बटण दाबा. मुली हसून हसून बेजार.

पण भुतांच्या बाबतीत परदेशी माल आणावा इतकी टंचाई आपल्याकडे कधीच नव्हती. आर. ई. एन्थोवेन या इंग्रज अधिकाऱ्याने १९१५ साली कोकणातल्या लोकसमजुतींचं संकलन प्रसिद्ध केलं. त्यातली माहिती ए. एम. टी. जॅक्सन यांनी, म्हणजे १९०९ साली नाशिकला ज्यांची हत्या झाली त्याच कलेक्टरांनी, गावोगावच्या शाळामास्तरांना प्रश्न पाठवून जमवली होती. मास्तरांनी पाठवलेली भुतांची यादी वाचताना मला सारखी पक्षांची उमेदवार यादी आठवत होती. ब्राह्मणाचं भूत वेगळं, तो समंध. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत मेला तो मुंजा, त्याचा मुक्काम पिंपळावर. मुसलमान आणि दलित यांच्यासाठी खवीस. बुडून मेला तो गिऱ्हा. वाट चुकवतो तो चकवा; या खात्यात मात्र जातीची अट दिसत नाही, कुणालाही संधी आहे. मेल्यावरही जात सुटत नाही आणि प्रत्येक जातीला तिचं तिचं झाड नेमून दिलेलं. तिकीटवाटपाच्या बैठकीत याहून वेगळं काय चालतं? सगळ्यांच्या वर वेताळ. तो अमावस्येच्या रात्री दिवट्या आणि लवाजमा घेऊन निघतो आणि वाटेत सापडलेल्या माणसाने बाजूला व्हायचं असतं. त्यालाच आता रोड शो म्हणतात.

या यादीतला बायकांचा विभाग जरा निराळा वाचावा लागतो. नवरा जिवंत असताना मेली ती जखीण. विधवा असून मेली ती लावसट. गरोदरपणात किंवा बाळंत होताना मेली ती अळवंतीण. बाळंतपणानंतर दहा दिवसांच्या आत मेली ती हडळ. म्हणजे पुरुषाचं भूत ठरतं ते जातीवरून, विद्येवरून, कसा मेला त्यावरून. बाईचं भूत ठरतं ते नवरा आहे का आणि मूल झालं का, या दोनच गोष्टींवरून. सरकारी अर्जात आपल्याला विचारतात त्याच दोन. आणि मला तर वाटतं, अळवंतीण आणि हडळ ही आपल्या कोकणपट्टीतली मातामृत्यूंची सर्वांत जुनी नोंदवही आहे. इतक्या बाळंतिणी मरत होत्या की त्यांच्यासाठी दोन स्वतंत्र नावं लागली. गावाने मेलेल्या बाळंतिणीला भ्यायला शिकवलं. ती का मेली, दवाखाना किती कोसांवर होता, याचा जाब कुणाला विचारायचा ते शिकवलं नाही.

इथे हसणं घटकाभर बाजूला ठेवते. आपल्याच पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागात ‘भुताळी’ हा शब्द मेलेल्या बाईला नाही, जिवंत बाईला लावतात. एकदा तो चिकटला की मारहाण, वाळीत टाकणं, गाव सोडायला लावणं, आणि कधी त्याहून वाईट. ती बाई बहुधा एकटी असते, विधवा असते, तोंडाने फटकळ असते, किंवा तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर आठवड्याभरात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखाद्या बाईवर करणीचा आळ घेऊन तिला छळणं हा त्यात गुन्हा आहे. अठरा वर्षं अडलेला कायदा निघायला एक माणूस मरावा लागला. या कायद्याचा विषय मात्र जाहीर सभेत मी अजून तरी कुठल्याही उमेदवाराच्या तोंडून ऐकलेला नाही. भगत लोकांची मतं असतात, भुताळी ठरवलेल्या बाईचं एकच मत असतं, आणि तेही ती गाव सोडून गेली की यादीतून जातं.

आता आपल्या खऱ्या सणाकडे वळू. भाद्रपदाचा वद्य पक्ष, म्हणजे पितृपक्ष. वर्षभर ज्या कावळ्याला आपण हाड्‌ म्हणून हाकलतो, त्याला त्या पंधरवड्यात गच्चीवर उभं राहून आर्जवाने बोलावतो. केळीच्या पानावर खीर, वडे, भात. कावळा शिवला की घरादाराचा जीव भांड्यात पडतो. अमावस्या सरली की पुन्हा हाड्‌. मतदाराचं यापेक्षा वेगळं वर्णन मला सुचत नाही. दहाव्याला नदीकाठी काय होतं तेही पाहिलंच असेल. कावळा पिंडाला शिवेना, की कर्ता पुरुष हात जोडून एकेक कबूल करायला लागतो: धाकटीचं लग्न लावून देईन, भावाला वाडीतला हिस्सा देईन, आईला अंतर देणार नाही. यादी पुरेशी लांबली की कावळा शिवतो. हाच तो जाहीरनामा. कावळा उडाल्यावर त्यातल्या कबुलीजबाबांचं काय होतं, हे घरातल्या धाकटीला आणि आईला विचारावं.

आता कुणी म्हणेल, मग लाडक्या बहिणीचे दीड हजार म्हणजे कावळ्यापुढचा वडाच की. तसं मी म्हणणार नाही. जुलै २०२४ पासून आलेले ते पैसे आपल्या करांतले आहेत, आणि घरात फुकट राबणाऱ्या बाईच्या खात्यावर पहिल्यांदा तिच्या नावाने काही जमा झालं, त्याला नाकं मुरडणाऱ्यांत मला बसायचं नाही. ज्यांना दीड हजारांत काय होतं असं वाटतं, त्यांनी धुणीभांडी करणाऱ्या मैत्रिणीला गॅस सिलिंडरचा भाव विचारावा. पण प्रचारात दीड हजाराचे एकवीसशे करण्याचं वचन होतं, आणि मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ते एकवीसशे नव्हते, एवढं आपण लिहून ठेवू.

नाव तरी किती नेमकं, बघा. पितृपक्ष! आपल्याकडचा पक्ष कुठलाही घ्या, डावा, उजवा, मधला, फुटलेला, परत जुळलेला, तो पितृपक्षच. बापाचा मतदारसंघ मुलाला. मुलगा नसेल तर पुतण्याला. मुलगा आणि पुतण्या दोघेही असतील तर एका पक्षाचे दोन पक्ष. आणि जागा महिलांसाठी राखीव निघालीच, तर मग सुनेची आठवण.

पितृपक्षाच्या पंधरा तिथींपैकी खास बायकांसाठी म्हणून एक असते, नवमी. तिलाही अविधवा नवमी म्हणतात, म्हणजे ज्या शहाण्यासारख्या नवऱ्याच्या आधी गेल्या त्यांच्यासाठी. पंधरात एक, म्हणजे शेकडा पावणेसातच्या आत. २०२४ च्या विधानसभेत २८८ जागांवर बायका निवडून आल्या २१, म्हणजे शेकडा सव्वासात. शास्त्राने जेवढी जागा दिली होती तिच्यापेक्षा लोकशाहीने अर्ध्या टक्क्याने जास्त दिली, हे मोकळ्या मनाने मान्य करायला हवं. त्या २१ जणींत आपल्या वसईच्या स्नेहा दुबे-पंडित आहेत. त्यांचा पक्ष कुठला, आपल्याला तो मानवतो की नाही, हा वेगळा वाद, तो पुढच्या बैठकीत कडाडून घालू. लोकसभा-विधानसभेत ३३ टक्के राखीव जागांचा कायदा सप्टेंबर २०२३ मध्ये झाला खरा, पण आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, मग आरक्षण अशी अट घालून. म्हणून २०२४ च्या दोन्ही निवडणुकांत तो लागू झाला नाही. पान वाढलेलं, पिंड मांडलेला, आणि कावळ्याला सांगितलं, जरा थांब, आधी तुझी मोजणी करायची आहे.

महापालिकेत मात्र निम्म्या जागा आपल्या, तिथे नवमीची गरज नाही. पण महापालिका असेल तर ना! चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं मिळून ३ जुलै २००९ ला वसई-विरार महापालिका झाली. जून २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, आणि तिथून जानेवारी २०२६ पर्यंत, साडेपाच वर्षं, प्रशासक. ज्या वाड्यात कुणी राहत नाही त्याच्या गोष्टी लहानपणी ऐकल्या होत्या: रात्री दिवे दिसतात, दारं आपोआप उघडतात-मिटतात, पण आत माणूस सापडत नाही. आमचं हुबेहूब तसंच झालं होतं. घरपट्टीचं बिल यायचं, नळाला पाणी यायचं नाही, आणि तक्रार घेऊन गेलं तर साहेब मीटिंगला. २९ गावांची कथा तर त्याहून वरची. २०११ मध्ये त्यांना महापालिकेतून वगळायचा निर्णय झाला, प्रकरण कोर्टात अडकलं, आणि २०२४ मध्ये सरकारने वगळण्याचा निर्णयच मागे घेतला. तेरा वर्षं ना इकडची ना तिकडची. हरित वसईसाठी हाडाची काडं केलेल्या किती बायकांनी ही तेरा वर्षं ग्रामसभांत आणि कोर्टाच्या तारखांना घालवली, त्याचा हिशोब कुणाच्याही जाहीरनाम्यात नाही. समंधाला म्हणे दोन जगांच्या मध्ये लटकत राहावं लागतं. त्याने एकदा आमच्या गावकऱ्यांशी बोलून घ्यावं.

तर १५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांबरोबर आमच्याकडेही मतदान झालं, आणि ११५ जणांच्या सभागृहात बायका बसल्या. आता सुरू होतो अंगात येण्याचा खेळ. हा प्रकार आपण शिबिरांतून पुष्कळ चर्चिलेला आहे. एरवी जिला घरात तोंड उघडायची मुभा नाही, तिच्या अंगात देवी आली की सासरा पाया पडतो, नवरा नारळ आणायला पळतो, आणि ती वर्षभर गिळलेलं सगळं घडाघडा बोलून टाकते. वॉर्डात हे नेमकं उलटं होतं. निवडून बाई येते आणि वारं नवऱ्याच्या अंगात संचारतं. फलकावर फोटो तिचा, त्याखाली मोबाईल नंबर त्याचा. मी एकदा पाण्याच्या प्रश्नावर निवेदन द्यायला अशा एका घरी गेले होते. बाई चहा घेऊन आल्या आणि साहेबांनी ओळख करून दिली, ‘या आमच्या नगरसेविका.’ चहा उत्तम होता.

पण एवढ्यावर हसून विषय संपवणाऱ्यांत आपण नसावं. ‘बायका काय, नवऱ्याच्या बाहुल्या’ हे वाक्य राखीव जागांच्या विरोधकांनी १९९३ पासून घासून घासून गुळगुळीत केलं आहे. बाहुली म्हणून आलेल्या आणि दोन वर्षांत नवऱ्याला सभागृहाच्या बाहेर बाकावर बसवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, तुम्हीही पाहिल्या असतील. पहिल्यांदा कुठल्या ठरावावर बिनसतं ते बघा. बहुतेक वेळा पाणी असतं, नाहीतर संडास. कारण त्या दोन गोष्टींत नवऱ्याला वारं कितीही आलं तरी माहिती नसते.

आता यादीतली भुतं. उत्तर प्रदेशात आझमगढ जिल्ह्यातल्या लाल बिहारी यांना नातेवाइकांनी जमिनीसाठी सरकारी दफ्तरात मेलेलं दाखवलं. १९९४ मध्ये त्यांना पुन्हा जिवंत ठरवेपर्यंत जवळजवळ अठरा वर्षं ते कागदोपत्री मृत होते. आपण आहोत हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी नावापुढे ‘मृतक’ लावलं, मृतक संघ काढला आणि निवडणुका लढवल्या. १९८९ मध्ये तर थेट अमेठीत राजीव गांधींच्या विरोधात. मेलेल्या माणसाचा अर्ज कसा नाकारायचा, हा प्रश्न अधिकाऱ्यांनाच पडावा, ही त्यामागची युक्ती. त्यांनी आणखी एक केलं. बायकोसाठी विधवा पेन्शन मागितली. ती नामंजूर झाली. म्हणजे सरकारच्या लेखी नवरा मेलेला आणि बायको मात्र सधवा. जखीण की लावसट, मास्तरांनाही सांगता आलं नसतं.

आपल्या रायगडात २०१४ च्या लोकसभेला सुनील तटकरे २,११० मतांनी हरले, आणि त्याच नावाच्या एका अपक्षाला ९,८४९ मतं पडली. जिवंत माणसाचं भूत असं त्याच्याच शेजारी यंत्रावर उभं राहू शकतं. ऑगस्ट २०२५ मध्ये बातमी आली की नालासोपाऱ्याच्या मतदारयादीत एकाच बाईचं नाव सहा वेळा आहे. बिचारीला घरात एका जागी बसायला फुरसत नसेल, यादीत सहा ठिकाणी बसवली. तिची काही चूक नव्हती, तरी फोटोसकट सगळीकडे फिरली ती तीच. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला, ख्रिस्ती लोकांच्या सर्व संतांच्या सणादिवशी, विरोधी पक्षांनी मुंबईत याद्यांच्या घोळाविरुद्ध मोर्चा काढला. त्यात संत किती होते ते सोडा, प्रश्न खरा होता. त्याआधी बिहारमध्ये यादीची नव्याने छाननी होऊन ऑगस्टच्या मसुद्यातून सुमारे ६५ लाख नावं गेली. त्यांतली २२ लाख मेलेल्यांची असं सांगण्यात आलं, आणि मग त्यांतलेच काहीजण चालत सर्वोच्च न्यायालयात हजर झाले. वगळलेल्यांमध्ये बायका पुरुषांपेक्षा जास्त होत्या.

मला या शेवटच्या वाक्यात गोडी आहे, मैत्रिणींनो. यादीत असलेल्या भुतांवर सगळे पक्ष ओरडतात, कारण ती मतं दुसऱ्याला जातात. यादीत नसलेल्या जिवंत बायकांसाठी कोण ओरडतं?

ही गोष्ट पहिल्या निवडणुकीपासूनची आहे. १९५१-५२ साली याद्या झाल्या तेव्हा, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत, लाखो बायकांनी आपलं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, एवढंच लिहवून घेतलं. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की स्वतःचं नाव नसेल तर नोंद नाही. सुमारे २८ लाख बायकांची नावं त्यामुळे उडाली. सेन यांचं चुकलं असं मला वाटत नाही. पुढच्या वेळी त्यांतल्या पुष्कळ जणींनी नाव सांगितलं, कारण नाव नसल्याची किंमत दिसली होती. आपल्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा लागतो. या बायकांना स्वतःचं नाव घ्यायला प्रजासत्ताक लागलं.

आणि सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी काय? सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेत ई-केवायसी आली. बाईचं आधार पुरेना. नवऱ्याचं किंवा बापाचं आधार आणि त्याच्या मोबाईलवर येणारा ओटीपी हवा. विधवांनी काय करायचं, घटस्फोटितांनी काय करायचं, हा प्रश्न गाजला, मुदत वाढवावी लागली. पण टाकलेल्या बायकांचं काय? परित्यक्तांच्या प्रश्नावर आपण ऐंशीच्या दशकापासून बोलतो आहोत. नवरा आठ वर्षांपूर्वी कामाला म्हणून गेला तो गेला. ना फारकत, ना पत्ता, ना पैसा. सगळ्या भुतांत खरं चिवट भूत हे. घरात दिसत नाही, कमवत नाही, पोरांना ओळखत नाही, पण ओटीपी त्याच्याच फोनवर येतो.

मागे आम्ही काही जणींनी एका गल्लीची मतदारयादी हातात घेऊन दारोदार वाचली. सासू वारून पाच वर्षं झालेल्या, तिचं नाव शाबूत. सून लग्न होऊन चार वर्षं आलेली, दोन पोरं झालेली, तिचं नाव नाही. माहेरचं नाव भावाने ‘आता ती इथे कुठे राहते’ म्हणून काढून टाकलेलं. पलीकडच्या खोलीत एकीचं नाव दोनदा, एकदा माहेरचं, एकदा सासरचं, लग्नात बदललेल्या पहिल्या नावासकट. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या तिघी जणी दर अकरा महिन्यांनी घर बदलतात. त्यांचं कुठेच नाही. पुरुषांच्या नोंदी त्या मानाने जागच्या जागी होत्या. पुरुष लग्न करून दुसऱ्या गावी जात नाही, त्याचं नाव बदलत नाही. आपली यादी पुरुषाच्या आयुष्याच्या मापाने शिवलेली आहे आणि बाई तिच्यात ढगळ होते किंवा मावत नाही. २०२४ मध्ये वसई विधानसभेचा निकाल ३,१५३ मतांनी लागला, हे लक्षात घेतलं तर अशा किती गल्ल्यांचा प्रश्न आहे ते कळेल.

म्हणून एक सुचवते. पितृपक्षात नाहीतरी लग्न नाही, बारसं नाही, पक्षांच्या पुढाऱ्यांनाही नव्या कामांचे नारळ फोडायला भीती वाटते. आपल्या संध्याकाळी मोकळ्या असतात. प्रत्येक गटाने त्या पंधरा दिवसांत एक यादीभाग वाचावा. याद्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतात, पोरांकडून छापून घ्या. बीएलओ बहुधा तुमच्या ओळखीच्या अंगणवाडीताई नाहीतर शाळेतल्या बाई असतात, त्यांना आधी सांगा, त्यांनाही मदत हवीच असते. नवं नाव घालायला नमुना ६. नाव वगळायला किंवा कुणाच्या नावावर हरकत घ्यायला नमुना ७. पत्ता बदलला, नाव चुकलं तर नमुना ८. लग्न होऊन आलेल्या सुनेचं माहेरच्या यादीत नाव असेल तर तिलाही ८ चालतो, ६ भरून दुहेरी नोंद करू नका. अठरा पूर्ण होण्यासाठी आता वर्षातून चार तारखा धरतात, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली, तेव्हा गटातल्या मुलींच्या जन्मतारखा विचारा. नमुना ७ मात्र जपून. आपल्या गल्लीतल्या कुठल्या बाईचं नाव कुणी, काय कारण देऊन काढायला दिलंय, ते बीएलओंना विचारून ठेवा. ‘स्थलांतरित’ असा शेरा असेल तर ती खरंच गेली आहे की तिला घालवलं आहे, हे दार वाजवून बघा. ती पेन्सिलीने यादीत लिहा, पेनाने नको. परत आलेल्या बायकांसाठी खोडरबर लागतं.